खाडा

विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या तीनमजली इमारतीत स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेले असते. संकष्टी, एकादशी, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख आणि या सगळ्यांच्या मधून निळ्या बॉलपेनच्या फुल्या. फुली म्हणजे कामवाल्या मावशींचा खाडा. महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून पैसे कापायचे, हा त्या घरातला नियम तिथल्या मुलीच्या जन्माआधीपासूनचा. तो कुणी लिहून ठेवलेला नाही आणि त्यावर कधी वादही झालेला नाही.

२०२६ च्या जानेवारीत ती श्टुटगार्टहून महिनाभरासाठी घरी आली. पहिल्याच सकाळी चहा गाळताना तिला या फुल्या दिसल्या. सलग तीन.

"मावशींना ताप होता," आई म्हणाली.

"कापणार आहेस?"

"छे गं, आजारपणाचे कुठे कापतो आपण? नुसती खूण."

मग खूण तरी कशाला, हे तिने विचारले नाही. उत्तर तिला ठाऊक होते: हिशेब नको का?

ती स्थापत्य अभियंता आहे. पार्ले टिळक विद्यालयात मराठी माध्यमातून शिकली, पुढे अंधेरीच्या सरदार पटेल महाविद्यालयातून इंजिनियर झाली. टिळक मंदिरातल्या व्याख्यानांना आजोबांच्या बोटाला धरून बसलेली, बिस्किटांच्या कारखान्याचा गोड भाजका वास आला की डोळे मिटूनही 'पार्ले आले' म्हणू शकणारी ही शेवटची पिढी. १९२९ चा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. तेव्हा ती एका उपनगरातल्या टॉवरच्या साइटवर ज्युनियर इंजिनियर होती आणि रात्री नऊला घरी यायची, त्यामुळे वास नेमका कधी थांबला ते तिला कळलेच नाही.

त्या साइटवर तिने तीन वर्षे काढली. सकाळी नऊला हजेरी, सुटायची वेळ स्लॅबवर अवलंबून. काँक्रीटचे मिक्सर ट्रॅफिकमध्ये अडकले की स्लॅब मध्यरात्रीपर्यंत चाले आणि इंजिनियर तोवर खाली उभा. शनिवार पूर्ण, रविवार 'गरज पडली तर'. दुसऱ्या पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला. अकरा दिवस ती घरी होती. शिल्लक रजा पाच दिवसांत संपली, उरलेले सहा बिनपगारी गेले. त्या सहा दिवसांतही सळयांची मोजणी विचारायला साइटवरून फोन येत होते आणि ती अंथरुणातून उत्तरे देत होती. तेव्हा तिला त्यात काही वावगे वाटले नव्हते. सगळ्यांचेच असे चालते, हे तिने धरून टाकले होते. आज ती म्हणते, पगार कापलेल्या दिवशी आपण काम केले हे माझ्या लक्षात यायला सहा वर्षे आणि दुसरा देश लागला.

श्टुटगार्टला ती २०१८ च्या शरद ऋतूत गेली, पदव्युत्तर शिक्षणासाठी. जर्मनीत शिक्षण फुकट असते असे पार्ल्यात सगळ्यांनीच तिला सांगितले होते. ते बहुतेक राज्यांत खरे आहे. पण ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याची श्टुटगार्ट ही राजधानी, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो घेतात. म्हणजे तेव्हाचे सव्वा लाख रुपये. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बँकेत अडकवून ठेवायची, आणि तिथून दरमहा ठरावीक तेवढीच बाहेर येणार. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढले. त्या व्यवहाराचा उल्लेख घरात आजही कुणी करत नाही.

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. महाराष्ट्राचा आणि बाडेन-व्युर्टेंबर्गचाही २०१५ पासून राज्य पातळीवर सहयोग आहे, आणि २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ तिकडे पाठवण्याचा करार झाला. यातले काहीही तिला जाण्यापूर्वी माहीत नव्हते. या दोन बहिणींत साम्य मात्र फारसे नाही. श्टुटगार्टची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास, तीही २०७ चौरस किलोमीटरवर पसरलेली. पार्ले पूर्व, अंधेरी पूर्व आणि जोगेश्वरी पूर्व मिळून होणाऱ्या महापालिकेच्या के-पूर्व विभागात २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांहून जास्त माणसे होती. पहिल्या रविवारी दुपारी ती शहरात फिरायला निघाली तेव्हा दुकाने बंद, रस्ते रिकामे. तिला वाटले बंद पुकारलाय.

शिक्षण संपल्यावर तिला तिथेच नोकरी लागली. जमिनीखालच्या बांधकामांची आरेखने तपासणारी एक मध्यम आकाराची सल्लागार कंपनी. तिसऱ्या महिन्यात, २०२२ च्या फेब्रुवारीत, तिला सडकून ताप आला. तरी सवयीने लॅपटॉप उघडून ती सकाळच्या बैठकीत बसली. गटप्रमुखाने तिचा आवाज ऐकला आणि विचारले, तू आजारी आहेस का? हो म्हटल्यावर तो म्हणाला, मग तू इथे काय करतेस? त्याच्या स्वरात माया नव्हती. किंचित वैतागच होता, जणू तिने एखादा सुरक्षेचा नियम मोडला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने तिला पिवळा कागद दिला. 'गेल्बर शाइन' म्हणत त्याला. २०२३ पासून तो कागद जाऊन सगळे संगणकावर आले. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकाने द्यायचा असा तिथला कायदा आहे, आणि त्यापुढे आरोग्य विमा मंडळाकडून पगाराच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम मिळते. वार्षिक रजेचा याच्याशी संबंध नाही. ती पाच दिवसांच्या आठवड्याला किमान वीस दिवस आणि बऱ्याच कंपन्यांत तीस. सुट्टीवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला आणलात तर ते सुट्टीचे दिवसही परत मिळतात. हे तिने आईला फोनवर सांगितले, तेव्हा आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग काम करतं कोण तिथे?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. जर्मनीत नोकरदार माणूस वर्षाला सरासरी पंधरा दिवसांच्या आसपास आजारपणाच्या रजेवर असतो, आणि तिथले राजकारणी व उद्योजक त्यावरून सारखे कुरकुरत असतात. पण तिच्या कचेरीत एक गोष्ट तिने पाहिली. कुणीही सहा आठवडे नसले तरी काम अडत नाही अशा बेताने कागद ठेवलेले असतात. प्रत्येक आरेखनावर कुणी काय तपासले, कुठे शंका राहिली, हे लिहिलेले. मुंबईच्या साइटवर सगळी माहिती एका फोरमनच्या डोक्यात असे, आणि तो गावी गेला की स्लॅब थांबे.

या सगळ्याची किंमत पगाराच्या पावतीवर दिसते. एकट्या माणसाच्या पगारातून कर आणि विमा मिळून सरासरी ३७ टक्क्यांच्या आसपास जातात. शिवाय घरटी दरमहा १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचे, मग घरात टीव्ही असो वा नसो. पार्ल्यातले लोक तिला दोनच प्रश्न विचारतात, 'पॅकेज किती?' आणि 'परत कधी?' पहिल्याचे उत्तर ऐकून त्यांचे डोळे चमकतात आणि कपातीचा आकडा सांगितला की विझतात.

आणि मग केअरवोख. श्टुटगार्ट ज्या श्वाबेन प्रदेशात आहे तिथली ही खास प्रथा. इमारतीतला जिना, तळघराचा बोळ, दारापुढचा रस्त्याचा तुकडा भाडेकरूंनी पाळीपाळीने आठवडाभर झाडायचा-पुसायचा. पाळी असेल त्याच्या दाराला एक पाटी लटकते. पहिल्यांदा ती पाटी तिच्या दाराला आली तेव्हा तिला वाटले कुणाची तरी चुकून राहिली. खालच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या बाईने तिला बादली कुठे आहे, कोपरे कसे काढायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या आत का संपवायचे ते दाखवले. पार्ल्याच्या घरात तिने एकदाही जिना झाडला नव्हता. तो कोण झाडतो हेही तिला नीट सांगता आले नसते. कुणीतरी यायचे, सकाळी, शाळेच्या वेळेला.

एकदा कंटाळून तिने वहीत दोन रकाने आखले. एकीकडे पार्ले, एकीकडे श्टुटगार्ट. म्हटले, एकदाचे लिहून काढू.

आगगाड्यांपाशीच पहिली गडबड झाली. शिस्तीच्या जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर'च धरतात. पाच मिनिटांनी लोकल लेट झाली तर फलाटावर त्रागा करणाऱ्या पार्लेकरणीला हे विनोदी वाटे. पण त्याच लोकलच्या जाळ्यावर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसे मरतात, रूळ ओलांडताना, दारातून पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसे पडली, ती बातमी तिने श्टुटगार्टच्या ट्रॅममध्ये बसून वाचली. वेळेवर येणारी गाडी कोणत्या रकान्यात लिहायची?

दिरंगाईचेही तसेच. श्टुटगार्टच्या मुख्य स्थानकाचे भूमिगत रूपांतर २०१० मध्ये सुरू झाले. ते २०१९ ला उघडायचे होते, खर्च साडेचार अब्ज युरो धरला होता. खर्च अकरा अब्जांच्या वर गेला आणि स्थानक अजून उघडलेले नाही. आपली मेट्रो-३ ही २३ हजार कोटींवरून ३७ हजार कोटींवर गेली आणि चारेक वर्षे उशिरा संपली, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर धावू लागली. जानेवारीत विमानतळावर उतरल्यावर तिने रिक्षा केली नाही. सामान ओढत ती मुद्दाम टी-२ च्या भुयारी स्थानकात गेली आणि टी-१ ला उतरली, पार्ल्याच्या उंबऱ्यावर. फलाटावर उभी राहून तिने भिंतींचे सांधे, पाण्याचे ओघळ, छताचे फिनिशिंग पाहिले. वडील न्यायला आले होते, ते म्हणाले, "घरी चल की आता, इन्स्पेक्शन नंतर कर."

हवेचा मुद्दाही सरळ नव्हता. ती पोचली त्या हिवाळ्यात श्टुटगार्टमध्ये धूलिकणांचा इशारा सारखा लागे. डोंगरांच्या वाटीत वसलेल्या त्या शहरातला नेकारटोर चौक जर्मनीतला सर्वांत प्रदूषित म्हणून बदनाम होता. जानेवारी २०१९ पासून शहरात जुन्या डिझेल गाड्यांना बंदी झाली. लोक रस्त्यावर उतरले, काही बंदीच्या बाजूने, काही विरोधात. पुढच्या काही वर्षांत आकडे मर्यादेत आले. मुंबईतही २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेने बांधकामांभोवती पंचवीस ते पस्तीस फुटी पत्रे, हिरवे कापड, पाण्याचे फवारे अशी नियमावली काढली. आता पार्ल्यात दर चौथ्या इमारतीला ते पत्रे लागलेले दिसतात आणि आईच्या खिडकीच्या गजावर सकाळी पुसलेली धूळ संध्याकाळी परत असते. गोंगाटाबद्दल तर दोन्हीकडे नियम जवळजवळ सारखाच निघाला, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. तिथे रात्री साडेदहाला तिने मिक्सर लावला तर शेजारी चिठ्ठी सरकवतो.

पार्ल्याचा रकाना मात्र भराभर भरत गेला. वडिलांचे रक्त तपासायचे तर सकाळी सातला मुलगा घरी येतो आणि दुपारी रिपोर्ट फोनवर. श्टुटगार्टला त्वचेच्या डॉक्टरची वेळ तिला एकदा अकरा आठवड्यांनी मिळाली होती, तोवर पुरळ आपोआप गेले. औषधे फोनवर येतात. इस्त्रीचे कपडे दारात. भाजीवाला कोथिंबीर वरून टाकतो. कुरिअर आले आणि घरात कुणी नसेल तर वॉचमन घेतो. फॅमिली डॉक्टरकडे आजही संध्याकाळी जाऊन बसले की नंबर लागतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परवान्याच्या नूतनीकरणासाठी महिनोन् महिने ताटकळलेल्या तिला हे सगळे वैभव वाटे.

रकाना पुन्हा वाचताना तिच्या लक्षात आले की त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीत एक माणूस आहे. रक्त न्यायला येणारा मुलगा, औषधे आणणारा पोऱ्या, इस्त्रीवाला, वॉचमन. मग तिने त्या माणसांना कुठे राहता, किती वाजता निघता, असे विचारायला सुरुवात केली. चौकशी मावशींपासून सुरू झाली, कारण त्या समोरच होत्या.

मावशी नालासोपाऱ्याला राहतात. पार्ल्यापासून पस्तीसेक किलोमीटर. पहाटे साडेचारला उठून डबा करतात, मग बसायला मिळावे म्हणून आधी उलट्या दिशेने विरारला जातात आणि तिथून गाडी धरतात. अंधेरीला उतरून धिम्या गाडीने एक स्टेशन पार्ले. या इमारतीत त्यांची चार घरे, शिवाय शेजारच्या गल्लीत एक. केर-लादी, भांडी, एका घरी पोळ्या. दुपारी दोनच्या गाडीला गर्दी कमी म्हणून ती चुकवायची नसते. तिन्ही दिवसांच्या तापात एका घराने पैसे कापले, दोघांनी कापले नाहीत, चौथ्या घरी अजून कळायचे आहे. पाचव्या घराने त्या तीन दिवसांसाठी बदली बाई लावली आणि तीच ठेवून घेतली.

हे शेवटचे वाक्य मावशींनी भांडी विसळताना, नळ बंद न करता सांगितले.

जर्मनीत काय असते, असे मावशींनीच मग विचारले. तिने सांगितले. घरकामाला तासाला किमान वेतन मिळते, जानेवारी २०२६ पासून १३.९० युरो. आठवड्यात दोनच तास येणारी बाई असली तरी तिची नोंदणी करायची, तिला भरपगारी रजा, आजारपणात पगार. मावशींनी युरो किती रुपयांचा ते विचारले, मनात गुणाकार केला आणि म्हणाल्या, "मग तुमच्याकडे येते बाई?" नाही येत. तिला ते परवडत नाही. ती स्वतःच झाडते. आणि ज्यांच्याकडे येते त्यांच्यातलेही बरेच जण नोंदणी न करता रोख पैसे देतात हे तिथे उघड गुपित आहे. पोलंडहून, रुमानियाहून आलेल्या बायका. कायदा कपाटात असला तरी तो बाहेर काढायला भाषा लागते.

आपल्याकडे कपाट अगदी रिकामे नाही. महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्येच केला, फार थोड्या राज्यांनी केला तेव्हा. मात्र तो कल्याणाच्या योजनांचा, खाड्याबद्दल तो काही बोलत नाही. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये जिनिव्हात मंजूर झाला, भारताने बाजूने मत दिले, पण अनुसमर्थन अजून केलेले नाही. जर्मनीने ते २०१३ मध्ये केले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला या कामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला सांगितले. मावशींना यातले मंडळ तेवढे माहीत होते. नोंदणीच्या फॉर्मवर कुठल्या तरी मालकिणीची सही लागेल असे त्यांना कुणीतरी सांगितले होते, म्हणून त्या गेल्याच नव्हत्या.

ती महिनाभर आली होती ती मुळात इमारतीसाठी. इमारत पुनर्विकासाला चालली आहे. विमानतळ खेटून असल्याने पार्ल्यात उंचीला मर्यादा, अशा फनेल झोनमधल्या इमारतींना बिल्डर मिळणे कठीण. त्यातून या सोसायटीला पंधरा वर्षांनी एक मिळाला. २०१९ पासून पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, इथे मात्र सगळ्यांच्याच सह्या झाल्या. ती नकाशे वाचून दाखवायला सभेत बसली. कार्पेट किती वाढतो, भाडे किती, सामान हलवायचा खर्च किती, कॉर्पस निधी किती, सगळे कलमवार होते. करार चांगला होता, तिने व्यवसायाच्या नजरेने तपासला.

आयत्या वेळच्या विषयांत तिने विचारले की जिन्याखाली एकोणीस वर्षे राहणाऱ्या वॉचमनचे काय, आणि इमारतीतल्या कामवाल्यांचे? खोलीत कुणी रागावले नाही. एक काका म्हणाले, वॉचमनला बिल्डर साइटवर ठेवेल. दुसऱ्या काकू म्हणाल्या, आपण सगळे मिळून काहीतरी देऊच, दिवाळीला देतो तसे. सेक्रेटरींनी इतिवृत्तात 'चर्चा झाली' असे लिहिले. श्टुटगार्टच्या कचेरीत असा शेरा कुणी मारला असता तर तिने तो लाल करून परत पाठवला असता. इथे ती गप्प बसली. सात वर्षे बाहेर राहून महिन्याभरासाठी आलेल्या मुलीने किती बोलायचे, याचाही एक हिशेब असतो.

त्या रात्री तिने आईला विचारले, सहा आठवडे नाही पण वर्षाला पंधरा दिवस आजारपणाचे, लेखी, करता येतील का? आई म्हणाली, लेखी कशाला, मी कधी कापले? मग थोड्या वेळाने, "आणि उरलेल्या तीन घरांना कोण सांगणार?"

निघायच्या आदल्या दिवशी मावशींनी तिला कालनिर्णयाच्या पाठच्या कोऱ्या जागेवर एक यादी लिहायला लावली. कोण कुठे जाणार. तिचे आईवडील गोरेगावला भाड्याने. पहिल्या मजल्यावरचे ठाण्याला मुलीकडे. पोळ्यांचे घर दहिसरला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पुण्याला.

"गोरेगाव बरं," मावशी म्हणाल्या. "नालासोपाऱ्याहून अलीकडेच पडतं. दहिसर तर अगदीच जवळ. सकाळी दहिसर करून गोरेगावला साडेनऊपर्यंत पोचेन." ठाण्यावर त्यांनी नुसती मान हलवली. मग पदराला हात पुसून विचारले, "ताई, नवीन बिल्डिंग व्हायला किती वर्षं म्हणालात?"

"तीन. साडेतीनही लागतील."

मावशींनी बोटांवर मोजले. तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या असतील.